विश्लेषण : एसटी कर्मचाऱ्यांचा संप न्याय्य असतो का? आर्वीच्या वाहकाच्या पगाराच्या हिशोबातून समजून घ्या

एसटीचा संप म्हटला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘बिचाऱ्यांना पगारच किती मिळतो?’ हे एक आणि ‘सणासुदीलाच यांना संप कसा सुचतो?’ हे दुसरे. वर्धा जिल्ह्यातील प्रवासी ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी बोलतो आणि दोन्हींत तथ्य आहे. २०१७, २०१८, २०२१-२२ आणि २०२४ असे सात वर्षांत चार वेळा राज्यातील एसटी कर्मचारी कामावरून बाजूला झाले. पगाराची मागणी किती रास्त होती, संपातून नेमके काय मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा हिशोब.

वर्धा जिल्ह्यात एसटी बंद म्हणजे काय बंद?

एसटीच्या वर्धा विभागात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव आणि तळेगाव (श्यामजीपंत) हे पाच आगार येतात. वर्धा, सेवाग्राम, पुलगाव आणि हिंगणघाटला रेल्वे आहे. वर्धा-नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्याने देवळीलाही गाडी आली. आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या उत्तरेकडील तालुक्यांचे तसे नाही. पुलगाव-आर्वी ही छोटी रेल्वे बंद होऊन अनेक वर्षे झाली. त्यामुळे या तीन तालुक्यांत सार्वजनिक वाहतूक म्हणजे एसटी. तिच्यानंतर उरते ती काळी-पिवळी, ऑटो किंवा कोणाची तरी दुचाकी.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी (मेघे) येथे तपासणीला जाणारा रुग्ण, शाळा-महाविद्यालयात जाणारी मुले आणि तालुक्याच्या ठिकाणी कागदपत्रांसाठी जाणारा शेतकरी, हे या बसचे रोजचे प्रवासी. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. हा पास काळी-पिवळीत चालत नाही. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मिळणारा मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलतही फक्त एसटीतच आहे. म्हणजे संपाच्या दिवशी गाडी तर जातेच, शिवाय पर्यायी वाहनाचे पूर्ण भाडे खिशातून जाते.

२०२१ मध्ये पगार नेमका किती होता?

समजा, आर्वी आगारात दहा वर्षांपेक्षा कमी सेवा झालेला एक वाहक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये या गटासाठी सरकारने दिलेल्या उदाहरणात मूळ वेतन होते १२,०८० रुपये आणि एकूण वेतन १७,३९५ रुपये. हा एकूण आकडा २८ टक्के महागाई भत्ता आणि १६ टक्के घरभाडे भत्ता धरून येतो. छोट्या शहरांत आणि गावांत मात्र घरभाडे भत्ता ८ टक्के असतो. म्हणजे आर्वीच्या वाहकासाठी हिशोब असा :

मूळ वेतन : १२,०८० रुपये
महागाई भत्ता (२८ टक्के) : ३,३८२ रुपये
घरभाडे भत्ता (८ टक्के) : ९६६ रुपये
एकूण : सुमारे १६,४२९ रुपये

यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के (सुमारे १,८५५ रुपये) आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा केले की हातात उरतात सुमारे १४,३७० रुपये. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता असेल तर त्याहून कमी. मुक्कामी गाडीचे किंवा जादा कामाचे पैसे वेगळे, पण ते दर महिन्याला सारखे नसतात.

तुलनेसाठी दुसरा आकडा. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य सरकारच्या सेवेतील वाहनचालकाची वेतनश्रेणी १९,९०० रुपयांपासून सुरू होते. साहेबांची गाडी चालवणाऱ्या सरकारी चालकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० आणि पन्नास प्रवाशांची जबाबदारी असलेल्या एसटी कर्मचाऱ्याचे १२,०८०. फरक ७,८२० रुपयांचा. ‘आम्हाला सरकारमध्ये विलीन करा’ ही मागणी या फरकातून जन्माला आली.

प्रश्न केवळ रकमेचा होता का?

नाही. तारखेचाही होता. करोनाकाळात उत्पन्न थांबले आणि २०२० मध्ये एसटीचे पगार काही महिने रखडले. याच काळात कर्मचाऱ्यांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडले आणि मुंबईत बेस्टच्या मदतीला जाऊन ड्युटी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला एक हजार कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. २०२१ मध्ये पुन्हा पगार लांबू लागले आणि कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. म्हणूनच त्या वर्षीच्या आंदोलनाला अनेक आगारांत कर्मचारी संप म्हणत नव्हते, ‘दुखवटा’ म्हणत होते.

कमी पगारात घर चालवता येते, असे एकवेळ म्हणता येईल. पण पगार कधी होणार हेच माहीत नसेल तर किराणा दुकानदार, घरमालक आणि बँकेचा हप्ता यांपैकी कोणालाच तारीख देता येत नाही.

२०२१-२२ चा संप कसा झाला?

२७ ऑक्टोबर २०२१ रोजी कर्मचाऱ्यांचे उपोषण सुरू झाले. त्याच्या आदल्याच दिवशी एसटीची १७.१७ टक्के भाडेवाढ लागू झाली होती. सरकारने महागाई भत्ता २८ टक्के करण्याचे मान्य केले, संघटनांनी उपोषण मागे घेतले, पण आगारांतील कर्मचारी मागे हटले नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेच्या हातून आंदोलन निसटले. दिवाळीच्या तोंडावर एकेक आगार बंद होत गेला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील जवळपास सर्व २५० आगार थांबले. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, पण तिचा फारसा परिणाम झाला नाही. ८ नोव्हेंबरला न्यायालयाच्या आदेशानुसार विलीनीकरणाच्या मागणीवर मुख्य सचिवांसह तीन जणांची समिती नेमली गेली.

२४ नोव्हेंबरला तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांच्या गटाला ४,००० रुपये आणि वीस वर्षांहून अधिक सेवा असलेल्यांना २,५०० रुपये. शिवाय दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत पगाराची हमी. यासाठी वर्षाला सुमारे ७२० कोटी रुपयांचा बोजा सरकारने स्वीकारला. दुसऱ्या दिवशी आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आंदोलनातून बाहेर पडले. ॲड. गुणरत्न सदावर्ते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या आझाद मैदानात विलीनीकरणासाठी आंदोलन सुरूच राहिले.

हजारो कर्मचारी निलंबित किंवा बडतर्फ झाले. मार्च २०२२ मध्ये समितीचा अहवाल विधिमंडळात आला : विलीनीकरण शक्य नाही. ७ एप्रिलला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर परतण्यास सांगितले आणि परतणाऱ्यांवर बडतर्फीची कारवाई नको, असे महामंडळाला बजावले. दुसऱ्याच दिवशी शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानावर आंदोलकांचा जमाव धडकला. अटकसत्र झाले. त्यानंतर संप ओसरला आणि कर्मचारी रुजू झाले.

संपातून वाहकाला काय मिळाले, काय गेले?

पुन्हा आर्वीच्या वाहकाकडे जाऊ. वाढीनंतर त्याचे मूळ वेतन झाले १७,०८० रुपये आणि ८ टक्के घरभाडे भत्ता धरून एकूण सुमारे २३,२२९ रुपये. म्हणजे महिन्याला ६,८०० रुपयांची, ४१ टक्क्यांची वाढ. संपाच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्याचा बुडालेला पगार होता सुमारे साडेअकरा हजार रुपये. ही रक्कम दोन महिन्यांच्या आत भरून निघणार होती. हा टप्पा पैशांच्या हिशोबात कर्मचाऱ्यांना फायद्याचा ठरला, यात वाद नाही.

पुढचा टप्पा वेगळा आहे. २४ नोव्हेंबर ते २२ एप्रिल हे १४९ दिवस. तो शेवटपर्यंत संपात राहिला असेल, तर ‘काम नाही तर पगार नाही’ या नियमाने नव्या दरानुसार त्याचे सुमारे १ लाख १५ हजार रुपये गेले. ज्यासाठी हे दिवस गेले, ते विलीनीकरण मिळाले नाही. वाढीव ६,८०० रुपये तर नोव्हेंबरमध्येच जाहीर झालेले होते.

आणखी एक गाठ पडली. जुन्या कर्मचाऱ्यांना सर्वांत कमी वाढ मिळाली. २६,००० रुपये मूळ वेतन असलेल्याला २,५०० रुपये, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. ही नाराजी पुढच्या संपाचे बीज ठरली. ३ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेशोत्सवाच्या तोंडावर, एसटी पुन्हा थांबली. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी एप्रिल २०२० पासून सरसकट ६,५०० रुपयांची वाढ मान्य केली. ज्यांना आधी ५,००० मिळाले होते त्यांना १,५००, चार हजारवाल्यांना २,५०० आणि अडीच हजारवाल्यांना ४,००० रुपये. साडेपाच महिन्यांच्या संपाने जे असंतुलन ठेवले, ते दोन दिवसांच्या संपाने दुरुस्त झाले.

मग सणासुदीलाच संप का?

तारखा पाहा. १७ ऑक्टोबर २०१७ : धनत्रयोदशी. नोव्हेंबर २०२१ : दिवाळी. सप्टेंबर २०२४ : गणेशोत्सवाच्या चार दिवस आधी, विदर्भात तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. हा योगायोग नाही. एसटीची सर्वाधिक कमाई आणि सरकारवर सर्वाधिक दबाव याच दिवसांत असतो. संघटनांचे म्हणणे असते की निवेदने वर्षभर दिली जातात, बैठक मात्र सणाच्या आठवड्यातच लागते. २०२४ मध्ये दोन दिवसांत निघालेला तोडगा पाहिला, तर हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. जो निर्णय ४ सप्टेंबरला घेता आला, तो जूनमध्ये का घेता आला नाही, याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२१ मध्ये ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबरला पुन्हा उघडल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले परतली तेव्हा बस नव्हती. सरकारने खासगी बस, स्कूल बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी वाहतुकीची परवानगी दिली, पण ही वाहने जिथे प्रवासी भरपूर तिथेच धावतात. दिवसातून दोन फेऱ्या असलेल्या गावात ती जात नाहीत. मार्च २०२२ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा शक्यतो मुलांच्या शाळेतच घेण्यात आल्या. करोनामुळे घेतलेल्या या निर्णयाने बसची अडचण थोडी कमी केली, पण शाळेपर्यंत पोहोचणे प्रत्येकाने आपापले पाहिले.

ज्याच्याकडे दुचाकी आहे, त्याची संपात गैरसोय होते. ज्याच्याकडे फक्त पास आहे, त्याची शाळा किंवा तपासणी चुकते. संपाचा दबाव मुंबईतील मंत्र्यावर आणायचा असतो, पण तो आधी आष्टी तालुक्यातील मुलीवर येतो.

कायदा काय सांगतो?

संघटना स्थापन करणे हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे, संप करणे हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच हे स्पष्ट केले. संपाचा अधिकार आहे तो कामगार कायद्यातून आलेला आणि अटींसह. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार एसटीसारख्या लोकोपयोगी सेवेत किमान १४ दिवसांची नोटीस बंधनकारक होती आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवसांची अट सर्वच उद्योगांना लागू केली आहे. निम्म्या किंवा अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी सामूहिक रजा टाकली, तर तीही संपच धरली जाते. २०१७ चा चार दिवसांचा संप उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला होता.

इथे विलीनीकरणाच्या मागणीतील एक विसंगती लक्षात घ्यायला हवी. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनुसार संप करण्यास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना संपाचा कोणताही अधिकार नसल्याचे म्हटले आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला, ही गोष्ट वेगळी. पण कागदावर पाहिले तर एसटी कर्मचारी सरकारी झाला असता, तर संपाचे हत्यारच त्याला खाली ठेवावे लागले असते. ज्या साधनाने तो लढत होता, तेच देऊन टाकायला तो तयार होता. पगाराच्या तारखेची खात्री त्याला किती मोलाची वाटत होती, हे यावरून कळते.

विलीनीकरण खरोखर अशक्य आहे का?

शेजारी पाहू. आंध्र प्रदेशने १ जानेवारी २०२० पासून परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतले. तेलंगणात २०१९ मध्ये ५२ दिवसांचा संप झाला आणि मागणी मान्य न होताच कर्मचारी परतले. तेच विलीनीकरण ऑगस्ट २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, त्याच सरकारने मंजूर केले. म्हणजे ‘कायद्याने अशक्य’ असे काही नाही. प्रश्न पैशांचा आणि राजकीय इच्छेचा आहे.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मांडलेल्या श्वेतपत्रिकेनुसार एसटीचा संचित तोटा १०,३२२ कोटी रुपये आहे आणि मागील ४५ वर्षांपैकी फक्त आठ वर्षे ती नफ्यात होती. तोट्याचे कारण मात्र चालक-वाहकाचा पगार एवढेच नाही. एसटी तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर भरत आली आहे. सवलती सरकार जाहीर करते, त्यांचे पैसे मागाहून देते. तोट्याचे मार्ग चालवणे हे तर एसटीचे कामच आहे. सकाळी सात प्रवासी घेऊन निघणारी मुक्कामी गाडी नफ्यात येणार नाही, आणि नफा हा निकष लावला तर ती सुटणारच नाही.

एप्रिल २०२५ मध्ये याचा परिणाम पुन्हा दिसला. सरकारकडून पुरेशी रक्कम न आल्याने कर्मचाऱ्यांना मार्चचा पगार ५६ टक्केच मिळाला. २०२१ च्या संपात मिळालेली हमी साडेतीन वर्षांतच डळमळली. उरलेले पैसे नंतर आले, पण प्रश्न जिथे सुरू झाला होता, तिथेच पुन्हा पोहोचला.

तर मग, संप न्याय्य होते का?

एकाच शब्दात उत्तर देणे चुकीचे ठरेल, कारण प्रश्न तीन आहेत.

पगाराची मागणी : रास्त. १४,३७० रुपयांत घर चालवणाऱ्या वाहकाची सरकारी चालकाशी केलेली तुलना अवास्तव नव्हती. सरकारने स्वतः ४१ टक्के वाढ देऊन ते मान्यही केले.

संपाचे हत्यार : पहिल्या तीन आठवड्यांपुरते समर्थनीय, कारण दुसऱ्या मार्गाने दाद लागत नव्हती. नोटीस आणि न्यायालयाची मनाई यांकडे केलेले दुर्लक्ष मात्र समर्थनीय नाही.

नंतरचे पाच महिने : महागात पडले. कर्मचाऱ्याला लाखभर रुपयांना, प्रवाशाला शाळेच्या एका सत्राला आणि एसटीला तुटलेल्या प्रवाशाला. एकदा दुचाकी घेतलेला किंवा काळी-पिवळीची सवय लागलेला माणूस सहज परत येत नाही.

सरकारच्या वाट्याला येणारी जबाबदारी यातून कमी होत नाही. संप बेकायदा ठरवता येतो, पगार लांबवणे मात्र कोणत्याच निकालात ‘संप’ म्हणून मोजले जात नाही.

पुढे काय पाहायचे?

एसटीचा वेतन करार चार वर्षांचा असतो. २०२० ते २०२४ या काळाचा प्रश्न मुदत संपल्यानंतर, संपानंतर सुटला. त्या हिशोबाने पुढचे वेतन १ एप्रिल २०२४ पासून ठरायला हवे आणि ते २०२८ पर्यंतचे असेल. हा निर्णय वेळेत झाला नाही, तर पुन्हा थकबाकी साचेल आणि तिच्यासोबत पुढच्या संपाचे कारणही. दुसरी गोष्ट भाडेतत्त्वावरील ५,१५० इलेक्ट्रिक बसची. या बसवर चालक कंत्राटदार कंपनीचा असतो. त्याचा पगार किती असावा, तो थांबला तर कोणाशी बोलायचे, हे आजच ठरवून ठेवायला हवे.

पुढचा संप होणार का, हे प्रवाशाला ओळखायचे असेल, तर मंत्र्यांच्या घोषणांपेक्षा एक साधी खूण उपयोगी पडेल. महिन्याच्या १० तारखेला ओळखीच्या वाहकाला एवढेच विचारा : ‘भाऊ, पगार झाला का?’ सलग दोन महिने उत्तर ‘नाही’ आले, तर दिवाळीच्या प्रवासाची दुसरी सोय बघून ठेवलेली बरी.